आतली महिरप

३ मार्च, मंगळवार

म्हणे ती मी नाही! मग कोण? तोच आवळून बांधलेला अंबाडा, तीच कमरेवरची मूठ, गळ्यात तीच मापाची टेप. पोरीने मला तिच्या खेळात घातलीय! कॉम्प्युटरवर एक घर, घराला दार, आणि दारात ही बाई. खेळणाऱ्याने एका मुलीला रस्त्यारस्त्यांतून फिरवायचं, किल्ली शोधायची, आणि तिला घरी आणायचं. आणली की ही बाई तोंड उघडते – "कुठे उलथली होतीस?"

आणि हे लोकांना दाखवणार. शनिवारी हॉलमध्ये प्रदर्शन. खेळ बनवणाऱ्या कंपनीची माणसं येणार, त्यांना आवडला तर पोरीला आणि तिच्या जोडीदारणीला, त्या चष्मेवालीला, दोघींना कामावर घेणार. इतके महिने डोळे फोडले दोघींनी, आणि लोकांनी बघायचं काय? तर आईचा जबडा!

मी म्हटलं, "मी अशी बोलते?"

हे मान वर न करता म्हणाले, "छे. खेळात आवाज खूपच कमी आहे."

हसले बापलेक. माझा घास तोंडातच फिरत राहिला. दिवसभर कारखान्यात बॅगा शिवायच्या, घरी येऊन यांचं करायचं, आणि वर हे!

४ मार्च, बुधवार

आज पोरीने हाताला धरून खुर्चीत बसवलं. "आई, नुसती ओरडत नाही गं ती. बघ तरी."

खेळाच्या मागे ओळीच्या ओळी असतात. इंग्रजी हुकूम, शेजारी हिची मराठी टिपणं. मुलगी दाराशी आली की पहिला प्रश्न – किल्ली आहे का? नसेल तर बाई म्हणते, "किल्ली आण आधी." असेल तर त्याच्या आत दुसरा प्रश्न – उशीर झालाय का? झाला असेल तर ओरडा. नसेल तर नुसतं "आलीस?"

"जरच्या पोटात जर," म्हणाली. "तुझ्यासारखंच. तुझी एक अट पुरी करावी तर तिच्या पोटातून दुसरी निघते."

मी म्हटलं, "'आलीस?' एवढंच? त्यापुढे मी गोड काही बोलतच नाही?"

"मग तूच लिही काय बोलतेस ते. पण या दोन अवतरणांच्या मधलंच बदल हं. बाहेर कशालाही हात लावू नको."

हात लावू नको म्हणे! अशी शिवणार नाही, तिथे शिवणार नाही, असं करत बसले असते तर जन्मात एक बॅग झाली नसती.

५ मार्च, गुरुवार

लिहिलं. "आलीस? बस, दमली असशील." एकेक अक्षर शोधून. कुठलीशी कळ दाबली गेली आणि ओळीच्या शेवटचा तो कमरेत वाकलेला कंस गडपच झाला. शोधून परत उमटवला. पण जिथे होता तिथे ओळीला लोंबकळत बसलेला मला बरा दिसेना. एक ओळ सोडून खाली त्याच्याच जातीचा दुसरा होता, त्याच्या डोक्यावर नेऊन बसवला. आता दोन्ही एकाखाली एक, बटणांसारखे. छान.

पोरीला म्हटलं, वाक्य घातलं. तिने वाचलं. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. कितीतरी दिवसांनी!

फाइल चष्मेवालीला पाठवली तपासायला. तिचा निरोप आला – सगळं ठीक.

७ मार्च, शनिवार

काय लिहू.

हॉलमध्ये टेबलंच टेबलं. आमचं टेबल खांबाशी. मी ठेवणीतली साडी नेसून मागे उभी. कंपनीची बाई आली, राखाडी कोट, हसरी. खेळायला बसली. सगळे रस्ते फिरली, दुकानात डोकावली, बाकावर बसली, मांजराच्या मागे गेली. मजेत होती. किल्ली सापडली. दाराशी आली.

"कुठे उलथली होतीस?"

बाई हसली. दार उघडेना. पुन्हा कळ दाबली. "कुठे उलथली होतीस?" पुन्हा. "कुठे उलथली होतीस?" लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "सासू दिसतेय!" हशा. पोरगी कळा बडवत होती, कान लाल झाले होते. दार नाहीच. कंपनीची बाई उठली, "पुढच्या वेळी बघू" म्हणाली. असलं "पुढच्या वेळी" मला कळतं.

आणि पोरगी सगळ्यांसमोर चष्मेवालीवर फिरली – "एक फाइल धड तपासता येत नाही तुला? एक फाइल!"

चष्मेवालीने फाइल उघडून पाहिली. बराच वेळ. मग चष्मा काढला, ओढणीला पुसला, म्हणाली, "हो. माझंच चुकलं."

तो कंस! त्या दोन ओळींवर माझ्याशिवाय कुणाचा हात फिरला होता? तोंड उघडलं होतं मी. उघडलं आणि म्हटलं काय? "चला, घरी चला." एरवी माझ्या जिभेला हाड नाही. आज नेमकं कुठून आलं?

८ मार्च, रविवार

पोरगी खोलीतून बाहेर नाही. चष्मेवालीचा फोन आला, तो तिने कापला. मी बघत होते.

९ मार्च, सोमवार

पण नक्की मीच का? एक कंस एक ओळ खाली गेला तर दार बंद होतं? वाक्य तर दोन्ही बोलली बाई... नाही, एकच बोलली. ओरडण्याचंच. गोड बोललीच नाही. कदाचित कंपनीच्या बाईनेच काही वेडंवाकडं दाबलं असेल.

ह्यांना आडून विचारलं. हे लिफ्टा दुरुस्त करतात, त्यांनाही हेच लागतं असं पोरगी म्हणायची. म्हटलं, "तुमच्या लिफ्टमध्येही जर-तर असतं ना?"

"जर-तरवरच चालते. दार बंद आहे का? नसेल तर हलायचं नाही. असेल तर आत पुढचा प्रश्न – वजन जास्त आहे का? असेल तर घंटी, नसेल तर वर. आणि दिवा दोन्ही वेळेला." मग स्वतःशीच हसले. "एकदा आमच्या एकाने दिव्याची तार त्या 'नसेल तर'मध्ये जोडली. माणसं जास्त झाली की घंटी आणि वर अंधार! आत एक मास्तर होते, देवाचं नाव घ्यायला लागले."

"मग?"

"मग काय. तार तिथून काढली, बाहेर आणली. घंटी वाजो न वाजो, दिव्याला काय त्याचं?" माझ्याकडे बघितलं. "तुला कशाला लिफ्ट?"

"गुडघे दुखतात," म्हटलं.

आम्ही तळमजल्यावर राहतो.

११ मार्च, बुधवार

कामावर बॅगेच्या आतल्या कप्प्याचं तोंड बाहेरच्या शिवणीत शिवून टाकलं. कप्पा आहे, दिसतो, पण त्यात हात जाईना. मुकादमीण म्हणाली, "काय गं, हा कप्पा काय चोरांसाठी?" सगळ्या हसल्या. उसवत बसले. उसवता उसवता डोक्यात काहीतरी हललं – आतलं आत बंद करायचं, मग बाहेरचं. मी आतलं खूप खाली नेऊन बंद केलं होतं.

सुटल्यावर तशीच चष्मेवालीच्या खोलीवर गेले. एक खाट, एक टेबल, खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. "काकू? या ना." डोंगर उचलून खाटेवर टाकला.

म्हटलं, "मला ते शिकव. जरच्या पोटातलं जर."

का, असं विचारलंच नाही तिने! कागद घेतला. मोठा चौकोन काढला – किल्ली असेल तर. त्याच्या आत दोन लहान – उशीर असेल तर, नसेल तर. "या वाकड्या कंसाला महिरप म्हणतात, काकू. महिरप उघडली की चौकोन उघडला, बंद केली की मिटला. ओळ कुठल्या चौकोनात बसलीय त्यावर सगळं."

"म्हणजे माझ्या बॅगेसारखं. बाहेरचा कप्पा, आतले कप्पे."

"जवळजवळ. पण बॅगेत दोन्ही आतल्या कप्प्यांत वस्तू ठेवता येते. इथे एका वेळी एकच उघडतो. उशीर झाला तर हा, नाही तर तो. दोन्ही कधीच नाही."

ते मला पटेना. दोनदा सांगायला लावलं. मग तिने पेन पुढे केलं. "आता तुम्ही सांगा. 'दार उघड' ही ओळ कुठे?"

मी पेन घेतलं. गोड वाक्याच्या लहान चौकोनात लिहिलं – दार उघड.

लिहिलं आणि बघत राहिले.

"हं," ती म्हणाली. "तिथे ती तुमची महिरप खाली सरकल्यामुळे गेली. वेळेवर आलं तर दार उघडतं. उशीर झाला तर आपण त्या चौकोनात जातच नाही, दार राहतं बंद. मी तपासलं तेव्हा प्रत्येक वेळी वेळेवर पोचले होते. उशीर करून बघायला हवं होतं. तेवढं माझं चुकलंच."

"तुला माहीत होतं?"

"तिथेच कळलं. 'दमली असशील' असं तुमची लेक लिहील का? त्याच्याच खाली महिरप."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"माझ्यावर ओरडून ती चार दिवस रुसली असती. तुमच्यावर ओरडली असती तर..."

मग विचारलं, मूळची ओळ कुठे होती? तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, माझं 'दार उघड' खोडलं आणि दोन्ही लहान चौकोनांच्या खाली, मोठ्याच्या आत लिहिलं.

म्हणजे पोरीने असं लिहिलं होतं – बाई ओरडो की गोड बोलो, दार उघडतंच. ओरडून झालं की उघडते ती. नेहमी. आणि मी बसले होते जबडा बघत! बंद केलं ते मी. माझ्या हाताने, छान दिसावं म्हणून.

रस्ताभर तोंडाला पदर. थंडी नव्हती.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही. ती दात घासत होती. दात घासणाऱ्या माणसाला काय सांगणार! हे मी लिहितेय आणि माझी मलाच शरम वाटतेय.

१३ मार्च, शुक्रवार

आजही नाही.

१५ मार्च, रविवार

सांगितलं. भांडी घासता घासता, पाठ करून. नळ चालू ठेवून. तिने येऊन नळ बंद केला. "परत सांग."

परत सांगितलं. महिरप म्हटलं तेव्हा ती दचकली, हा शब्द मला कुठून. वाटलं आता ओरडेल. वाट बघत होते, खरंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, रीत आहे आमची. पण ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तिला सगळ्यांसमोर बोलले, आणि तू मागे उभी होतीस."

"हो."

"आठवडाभर."

"हो गं."

पिशवी भरली. हे दारात आडवे झाले, "अगं पण..." "बाजूला व्हा बाबा, मला तिची माफी मागायचीय." गेली. चष्मेवालीकडेच राहिलीय. तिला खाटेवर घेतलं म्हणे, स्वतः खाली झोपते. ती पोर आहे का कोण आहे!

ह्यांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं. ते सगळ्यात वाईट.

१६ मार्च, सोमवार

दाराला आतून कडी लावली नाही. हे म्हणाले, "चोर येतील." म्हटलं, येऊ देत.

१८ मार्च, बुधवार

फोन आला. कंपनीची बाई शनिवारी पुन्हा बघणार आहे – चष्मेवालीने जाऊन हातापाया पडून वेळ मागितली. पोरगी नीट बोलली, अगदी परक्याशी बोलावं तसं नीट. म्हणाली, "आता काही अडणार नाही आई. सोपं केलंय. आतलं जर-तर सगळं काढलं. किल्ली असेल तर दार उघडतं, बस. ती बाईच काढून टाकली."

"कुठली बाई?"

"दारातली."

मी म्हटलं – आणि इथे जसंच्या तसं लिहून ठेवते – परत घाल तिला. किल्ली असेल तर, महिरप उघड. त्याच्या आत, उशीर झाला असेल तर ओरडू दे तिला, पाहिजे तेवढं, "कुठे उलथली होतीस" म्हणू दे, हसू दे लोकांना. नसेल झाला तर गोड बोलू दे. आतली महिरप तिथेच बंद कर, माझ्यासारखी खाली ओढू नको. मग दार उघड. मग बाहेरची महिरप. मला सगळं कळलंय आता. बाईशिवाय दार उघडलं तर ते घर कसलं, दुकान झालं ते!



म्हटलं, घालणार की नाही? शनिवारी नको, शनिवारी तू गडबडीत असशील. शुक्रवारपर्यंत सांग मला.