डॅन्यूबचा अर्थ आणि हजेरी क्रमांक तेवीस

आई, मी तुझ्यावर चिडले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून राग आवरता घेणार नाही.

सातवी ब. तू भूगोल शिकवते आहेस, छडीचं टोक युरोपच्या नकाशावर. शाळेत तुला बाई म्हणायचं हा तुझाच नियम, मुलीला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये म्हणून. मी हात वर केला. "आई, आपल्या नद्यांच्या नावांना अर्थ असतो, मग डॅन्यूबचा काय?" वर्ग फिदीफिदी हसला. तू म्हणालीस, "इथे तुझी आई कुणी नाही. आणि परीक्षेला येत नाही ते विचारायचं नाही. बाहेर उभी राहा." संध्याकाळी तू मेथी निवडत होतीस, तेव्हा मी पुन्हा विचारलं. "शाळेचं शाळेत," तू मान वर न करता म्हणालीस. त्यानंतर मी तुला काही विचारलंच नाही. लग्न करू का, हेसुद्धा नाही. नुसतं सांगितलं.

आज रविवार. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या घरात मी कुकर लावते आहे, कानात ऑफिसचा कॉल. लेक शाळेसाठी केलेलं डॅन्यूबचं पोस्टर घेऊन येते. "आई, जर्मनीत डोनाऊ, हंगेरीत दुना, एव्हरी कंट्री कॉल्स इट समथिंग एल्स! बट व्हॉट डझ इट मीन?"

"गूगल कर ना! सगळं मलाच का विचारतेस?" मी खेकसले.

"फाइन. नेव्हर माइंड."

आवाज हुबेहूब तुझा होता गं. माझ्या तोंडून.

कॉल संपल्यावर तुझा नकाशासंग्रह काढला. तू गेल्यावर दादाने पाठवलेला, मी कधी न उघडलेला. डॅन्यूबशेजारी तुझी लाल शाई: "अर्थ: नदी, वाहतं पाणी. फार जुना शब्द. वेदातल्या 'दानु'शी नातं असावं. ह. क्र. २३ला सांगणे."

हजेरी क्रमांक तेवीस म्हणजे मी. म्हणजे तू माझ्यासाठी पुस्तकं धुंडाळलीस, उत्तर शोधलंस, आणि गप्प बसलीस! "मला माहीत नव्हतं, बघून सांगते," एवढं म्हणताना जीभ झडली असती का तुझी? आणि स्वतःच्या पुस्तकातही मी नुसता क्रमांकच?

अजून खूप बोलायचं होतं, पण हे पाठवायचं तरी कुठे? खरं सांगायचं तर लेक दार लावून बसली आहे. उत्तर माझ्या मांडीवर उघडं आहे, आणि मी अजून उठलेली नाही.