घासलेले दगड

भिवंडी, शुक्रवार
(गल्लीतल्या लूमला सुट्टी, म्हणून शांतता)

प्रिय कमळास,

हबीबाचा सलाम, घरातल्या मोठ्यांना नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी नको म्हटलेला जिना तू रोज चढतेस हे मला कळलं आहे. सबबी लिहून शाई घालवू नकोस.

आमचे लूम भंगारात गेले, हे तुला ठाऊक आहे. त्या रिकाम्या शेडमध्ये आमच्या अफीफाने (तीच, समुद्राचं शास्त्र शिकलेली) टाक्या मांडून खेकडे वाढवायला घेतले आहेत. खायचे नव्हेत. दूर बेटांपाशी शेवाळ माजून प्रवाळ गुदमरतं. हे खेकडे ते शेवाळ चरतात, म्हणून पिल्लं मोठी करून तिथे सोडायची. खारं पाणी टँकरने येतं (पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका हंडे घेऊन धावल्या, चव घेतल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत). दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन टाक्यांत उतरतं, भिंतींवर निळसर लाटा हलतात, आणि जिथे आयुष्यभर ओरडून बोललो तिथे अफीफाचे अब्बा मोहिउद्दीन डोळे मिटून बसतात. खडखडाटाने कान गेलेला माणूस, पण म्हणतात, "हबीबा, ऐक, चरतायत." लूमवर कुणाला डुलकी लागली तर मी तोंडावर पाणी मारत असे. परवा मलाच लागली. स्वप्नात समुद्र शेडमध्ये आला होता आणि मी प्रवाळाच्या रानातून चालत होते (चपला घालून, ओल्यात अनवाणी फिरणं मला पसंत नाही).

जागी झाले तर समोर टाकीतल्या दगडांवर हिरवा बुळबुळीत थर. माझ्या शेडमध्ये कधी कापसाचा तंतू राहिला नाही. ओढणी खोचली आणि काथ्याने सगळे दगड लख्ख घासले. अफीफा आली, बघत राहिली. "अम्मी, ते जेवण होतं त्यांचं." महिनाभर उजेडात वाढवलेलं. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसती टाकीशी बसली. उपाशी पिल्लं एकमेकांना खातात म्हणे. सकाळी तळाशी दोन सुटे पाय होते. पालक देऊन पाहिला, कुणी ढुंकलं नाही (घरातही पालकाचं तेच होतं). असो. स्वच्छतेबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

तुझी,
हबीबा

ता. क. हर्णैला तुझ्या घरामागे ओहोटीला शेवाळलेले दगड उघडे पडतात ना? चार पाट्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मिळेल त्या एसटीने पाठव. जितके घाणेरडे तितके बरे.

आणखी एक. अफीफाची माफी मागून झाली आहे. कुणाला सांगू नकोस. आणि दगड पाठवण्याआधी धुऊ नकोस. तुला मी ओळखते.