सुनावणी पाहायला सगळ्यांनी यावे

सॅक्रामेंटो, ६ फेब्रुवारी

ती. चेलामावशीस यारेलीचा शि. सा. न. वि. वि.

नाताळात तू मला जे सांगितलंस, ते मी आईलाही सांगितलेलं नाही. फोनवर हा विषय नको, सून सारखी शेजारी असते, असं तू म्हणालीस, म्हणून पत्र.

त्या माणसाची शिक्षा केव्हाच संपली, पण कोर्टाने त्याला धोकादायक ठरवून बंदिस्त इस्पितळात ठेवलं, हे तुला ठाऊक आहे. आता डॉक्टर म्हणतात, देखरेखीखाली बाहेर राहू द्या. त्याच्यासाठी घर शोधलंय ते नेमकं तुमच्या पालो सेकोत, जुन्या खाणीच्या रस्त्यावर. मार्चमध्ये सुनावणी आहे.

कोर्ट तुमच्यापासून इतकं लांब, म्हणून मी काम करते त्या कायदा-मदत संस्थेने अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला. सुनावणी इंटरनेटवर दिसेल. दार लावून स्वयंपाकघरात बसून ऐक; तुला कोणी नाव विचारणार नाही. आई म्हणते, पदवी मिळाल्यापासून यारेलीला वाटतं की अर्ज केला की कुठलंही कुलूप उघडतं. पण हे उघडलं, मावशी.

गुडघ्याला जप, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी
यारेली


पालो सेको, १९ फेब्रुवारी

चि. यारेलीस अनेक आशीर्वाद.

तू उघडलेलं दार गावाला फारच आवडलं. चर्चच्या समितीवरच्या रेमेदिओसबाईंनी सभागृहात मोठा पडदा लावायचं ठरवलंय. बाहेर कागद डकवलाय : सुनावणी पाहायला सगळ्यांनी यावे, मुलांना आणू नये. आणि सगळ्यांना खायला तामाले कोणी करायचे? मी. माझ्या हाताला चव आहे म्हणे. त्या माणसाच्या नावाने जत्रा भरणार आणि मक्याचं पीठ मी मळायचं. मनगट दुखतं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, मग निदान साल्सा तरी कर.

सगळं गाव वकील झालंय. खाटीक चुय मांस कापता कापता सुरी रोखून भाषण पाठ करतो. त्याला समुद्राकडे पाठवा, श्रीमंतांचे बंगले मोठे असतात, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, तिकडे कोणाला मुली नाहीत का. तो म्हणाला, तुला कायद्यातलं कळत नाही.

मी मात्र घरीच ऐकणार. वेळेवर जेवत जा. म्हाताऱ्या मावशीला विसरू नकोस.

तुझी
मावशी


पालो सेको, १३ मार्च

चि. यारेलीस आशीर्वाद.

काल दार लावून बसले. फोनवर पाटी आली की जागा भरली आहे. पुन्हा पुन्हा दाबलं, तीच पाटी. शेवटी सभागृहात गेले. ऐकायचं तर होतंच.

पडद्यावर त्याचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी कागदी रुमाल वाटत होते. गुन्ह्याची माहिती वाचली, तेव्हा कोणीतरी मागून विचारलं की ती पोरगी अंधार पडल्यावर त्या रस्त्याला करत काय होती. रेमेदिओसबाई म्हणाल्या, त्या काळी आया मुलींना मोकाटच सोडायच्या. म्हणजे तुझी आजी, यारेली. कांद्याच्या शेडमध्ये ती माझ्या शेजारी उभी राहून काम करायची. त्या दिवशी मी कामावरून उशिरा सुटले, एवढंच. मी त्या बाईंनाही रुमाल दिला.

बोलायला इतके जण रांगेत होते की न्यायाधीशांनी सव्वीस तारखेला पुढचं ठेवलं. आता तू यात पडू नकोस.

तुझी
मावशी


सॅक्रामेंटो, १७ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

कशी पडू नको? मी चौकशी केली. पाचशेची मर्यादा होती आणि सुरू व्हायच्या आधीच ती भरली. कोण होते हे लोक? निम्मे दुसऱ्या राज्यांतले, ज्यांच्या गल्लीत त्याला कोणी ठेवणार नाही असे. कुस्ती बघावी तसे शेरे मारत होते. एकाने तर लिहिलं की न्यायाधीशांनी कॅमेऱ्याजवळ बसावं, नीट दिसत नाहीत. आणि जिच्या एकटीसाठी मी अर्ज लिहिला, त्या तुलाच जागा नाही. लोकांचा अधिकार म्हणून भांडले आणि फुकटचा तमाशा उभा राहिला.

पीडितेला वेगळी जागा मागायचा हक्क आहे. ती मी मिळवली आहे. नाव दिसणार नाही, आवाजही बदलून ऐकवतील. फक्त हो म्हण. राग आला असेल तर खुशाल रागव, पण उत्तर लिही.

तुझीच
यारेली


पालो सेको, २८ मार्च

चि. यारेलीस अनेक आशीर्वाद.

तुझी वेगळी जागा मी घेतली नाही. पहाटेच्या बसने कोर्टात गेले. शिपाई म्हणाला, गाडीचा दंड भरायचा असेल तर खालच्या मजल्यावर. मी म्हटलं, माझ्याकडे गाडीच नाही.

आत सगळे बाक रिकामे. पाचशे जण बघत होते आणि आलेली मी एकटी. तोही आला नव्हता. इस्पितळातून, पडद्यावरच्या एका चौकोनात बसला होता. चुयचा नंबर आला, पण आवाज चालू करायचं तो विसरला. हातवारे तेवढे दिसले. वाया काही गेलं नाही.

मग न्यायाधीशांनी विचारलं की इथे हजर असलेल्यांपैकी कोणाला बोलायचंय का. मी उभी राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, ती पोरगी मीच हेही सांगितलं. सून सांगते, सभागृहात पडद्यावर सगळ्यांनी ऐकलं. काल रेमेदिओसबाई दारात आल्या, काय बोलावं सुचत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, सुचेल तेव्हा या.

घराचा निकाल अजून यायचाय. ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो तिथे देखरेख कोण करणार, हे मी विचारलं. वकील कागद चाळत बसले.

पण तुला सांगायचं ते वेगळंच. मी नाव सांगितलं तसा त्याचा चौकोन काळा झाला. त्याचा वकील म्हणाला, तिकडचं कनेक्शन गेलं असेल. न्यायाधीश म्हणाल्या, मग येईपर्यंत थांबू, आणि त्याने चेहरा दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी बसले नाही. बाकाला धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तो दिसला. म्हातारा झालाय.

मग मी बोलायला लागले. बाकीच्यांना दोनच मिनिटं होती. मला वेळ संपल्याचं कोणी सांगितलं नाही.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव. दोघींवर माझा जीव आहे.

तुझी
चेलामावशी