पाचनंतरची वाफ

गोरेगाव (ता. सेनगाव), मंगळवार

लिहून टाकते, म्हणजे डोकं तरी शांत होईल.

सेनगावच्या शाळेत शिकवून जीपने घरी आले तेव्हा सात वाजत आले होते. सासूबाई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज. दम्याचं वाफेचं मशीन शेजारीच, पण बंद.

"आत्याबाई, मशीन काहून लावलं न्हाई?"

"पाच वाजून गेले ना बाई. आता लाईट महाग. सकाळी नऊनंतर घेते."

नवा मीटर बसल्यापासून वीज दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग; म्हणून ह्यांनी बोर्डाजवळ कागद चिकटवलाय, पाचनंतर काही लावायचं नाही. इस्त्री, मिक्सर, मोटार, सगळं मी दिवसावर ढकललं. पण वाफ? तिला लागते ती केवढीशी वीज! आणि हे स्वतः पुढच्या खोलीत कूलरसमोर पाय पसरून मोबाईल बघत होते. कूलर बरा चालतो पाचनंतर!

मशीन लावलं. दहा-पंधरा मिनिटांनी सासूबाईंचा श्वास जागेवर आला. मग मी पुढे जाऊन कूलर बंद केला आणि तो कागद फाडला.

"दिवसभर उन्हातून आलो, जरा हवा घेऊ न्हाई का?" हे ओरडले. "आईला वाफ घेऊ नको म्हणलो व्हतो का मी?"

नव्हते म्हणाले. कागद लिहिताना आई आठवलीच नाही, मग म्हणतील कशाला?

आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्याला बोलू नको बाई. थकून येतो तो."

मीही त्याच उन्हातून आले होते. दोघांपैकी एकालाही ते सुचलं नाही.