खाऱ्या वाळूचा स्तूप

बाबा, गेल्या रविवारी विहारातला तुमचा स्तूप सोलायला मी गेले होते. डागडुजीला स्वयंसेवक हवेत असा निरोप आला, म्हणून रोह्याजवळच्या अष्टमीहून गाडीनं निघाले, कासूला उतरले, पुढं रिक्षानं. पनवेलकडची कॉलेजची मुलंच जास्त होती. घुमटाला भेगा पडल्यात, गिलाव्यातून मीठ फुलून आलंय, बोटानं खरवडलं तरी भुकटी पडते. सगळा जुना गिलावा काढून नवा चढवायचा होता. पहिला टवका उडाला तेव्हा मी घमेलं धरून खाली उभी होते.

तो उन्हाळा आठवतो ना? विहीर आटलेली, टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, आणि बुद्धपौर्णिमेला स्तूप पुरा झालाच पाहिजे असा वस्तीचा हट्ट. वाळू खाडीची. तुम्ही थापी खाली ठेवलीत. "गोड्या पाण्यात धुतल्याबिगर ही वाळू मी लावणार नाय. पाऊस पडू दे." माणसं घरी येऊन समजावून गेली, तुम्ही हलला नाहीत. मग मी बोलले. रोह्याच्या कंपनीत नुकती लागले होते, शिफ्टवरून दमून आलेली. "बाबा, तुमच्यामुळं सगळं अडलंय म्हणतात लोक. मला तोंड दाखवायला लाज वाटते." तुम्ही "बरं गो," एवढंच म्हणालात, आणि सकाळी थापी घेऊन निघालात. पौर्णिमेला तुम्हाला हार घातला, त्या फोटोत तुम्ही हसलेले नाहीत. पुढं दर उन्हाळ्यात एकटेच जाऊन पोपडे लिंपत राहिलात, शेवटचं अंथरूण धरेपर्यंत. मला मात्र कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

रविवारी देखरेखीला आलेला इंजिनिअर मुलांना सांगत होता, "खारी वाळू न धुताच लावलीय. बांधणाऱ्याला कामातलं काहीच कळत नव्हतं." मुलं हसली. मी तोंड उघडलं, पण तुमची बाजू सांगायची तर माझं बोलणंही सांगावं लागलं असतं. वस्तीतली जुनी माणसं आता उरली नाहीत आणि भन्तेजी नवे. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच ना? कोण होता हो गवंडी?"

"माहीत नाय, भन्ते," मी म्हटलं, आणि भरलेलं घमेलं उचलून मागच्या बांधावर ओतून आले.

खरं काय ते कळावं म्हणून भन्तेजींच्या हातात द्यायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता घडी घालून कपाटात ठेवते आहे. येत्या रविवारी नवा गिलावा चढेल. मी जाईन, माल उचलून देईन, आणि कुणी विचारलंच, तर पुन्हा तेच सांगेन, बाबा.