तुझा दगड जागेवर ठेवलाय

प्रिय धीरज,

हे वाचायला तुझ्याकडे उजेड आहे की नाही, कुणास ठाऊक. सालवडला सगळं ठीक. कंपनीत नवा सुपरवायझर आलाय, कॅन्टीनची डाळ अजून तशीच पातळ. घिवलीत तुझ्या घरीही ठीक आहे, असं लोक म्हणतात.

दसऱ्यानंतरचे आपले ते चार दिवस डोक्यातून जात नाहीत. जव्हारच्या पुढची ती नदीची खोल घळ, पाठीवर सॅक, पुढे वाटाड्या जिवल्या. घळीत उतरण्याआधी त्याने आपल्याला वाघोबापुढे एकेक दगड ठेवायला लावला. त्याच्या पाड्याची रीत. परतल्यावर ज्याचा त्याने आपल्या हाताने उचलायचा, म्हणजे देवाला कळतं कोण वर आलं आणि कोणाकडे अजून बघायचंय. तू तुझ्या दगडावर चुन्याने फुली मारलीस आणि म्हणालास, हजेरी लागली. किती हसलो होतो!

आत मात्र हसू आटलं. तीन दिवसांत एक पक्षी ओरडला नाही. हाक मारली की घळ उत्तर द्यायची, पण जरा उशिरा. शेवटच्या दिवशी तर हाक न मारताच दिलं. त्याच दिवशी तू खडकावरून घसरलास, घोटा टम्म सुजला. पुढे व्हा, मी बसत बसत येतो, म्हणालास, आणि आम्ही खरंच पुढे झालो.

वर पोचल्यावर मी माझा दगड उचलला आणि त्याच हाताने तुझाही सॅकमध्ये टाकला. तेवढंच तुझं वाकणं वाचेल म्हणून. सवयच ती. अंगठ्याचं मशीन यायच्या आधी तुला उशीर झाला की तुझं कार्ड मीच पंच करायचो ना! जिवल्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "त्याचा कशाला उचलला? आता देव समजंल, तो आला. खाली कोण हाय, ते बघनार नाय."

दहा मिनिटांत तू वर आलास. धावत. वाटेत दोनदा नदी लागते, तरी बूट कोरडे. मी आनंदाने मिठी मारली.

तो आता तुझ्या घरी राहतो. दारूला शिवत नाही, ताटातला बोंबील तसाच ठेवतो, मला जितेश म्हणतो. तू कधी म्हणालास रे जितेश? मशीन त्याचा अंगठा घेत नाही. सुपरवायझर म्हणतो, कातडी झिजली असेल. परवा सपनावहिनी आल्या. चहा निवून गेला, मग म्हणाल्या, "भावजी, वागतो चांगला. पन हा आमचा नाय." मला रडूच कोसळलं.

म्हणून हे लिहितोय. फुलीचा दगड इतके दिवस माझ्या कपाटात होता, रोज पुसला तरी सकाळी ओला. आज घळीवर येऊन तो वाघोबापुढे होता तिथे ठेवलाय, हे पत्र त्याच्याखाली सारणार आहे. उपयोग होईल का, ते जिवल्यालाही सांगता येत नाही. लिहून झालं की हात मांडीखाली घेऊन बसेन. या वेळी तुझी हजेरी मी लावणार नाही, तुझा दगड तूच उचल. मघापासून खालून कुणीतरी जित्या, जित्या म्हणून हाका मारतंय. ये रे. पण लंगडत ये. धावत आलास तर मी ओळख देणार नाही.

तुझाच,
जित्या