मेडशीची आनंदनगरी

१६ जून १९५७, रविवार
आजपासून रोज लिहायचं. ही वही कोणी वाचावी म्हणून नाही, पण रिटायर माणसाच्या डोक्यात जे चालतं ते वाया जाऊ नये.

बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उभं आयुष्य गेलं. मेडशी-मालेगाव रस्त्याखालच्या बहुतेक मोऱ्या माझ्या. मोरीवर कोणाचं नाव घालत नाहीत. लोक वरून जातात, पाणी खालून जातं. तक्रार नाही, नोंद करून ठेवतो.

काल अकोल्याला न्हाव्याच्या दुकानात एक जुनं इंग्रजी साप्ताहिक चाळलं. अमेरिकेत कोणी एकाने मुलांसाठी अख्खी नगरी उभारली आहे. एका भागात जंगल, एका भागात नदी, एका भागात किल्ला. गंमत म्हणजे तिथं मोठी माणसंच जास्त गर्दी करतात. मी मान डोलावली. न्हावी म्हणाला, मान हलवू नका. तोवर हलली होती. कानामागे थोडं कापलं, पण कल्पना सुचली.

गावाला लागून गायरानाचा तुकडा पडीक आहे. माझ्यासारखा अनुभवी माणूस घरात पडीक आहे. दोघांचंही कल्याण होईल.

१८ जून
सरपंच दौलतसिंगांना प्लॅन दाखवला. त्यांनी नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला. ठरलं ते असं: संक्रांतीपर्यंत जागा माझी. तोवर लहान-मोठे दोघंही आपणहून यायला लागले तर जागा कायमची बागेला. नाहीतर बैलबाजाराला.

मग मी सहज विचारलं, जागा कायम झाली तर दारावर ‘बबन उद्यान’ अशी पाटी लावायला पंचायतीची हरकत नसावी. ते म्हणाले, "पयले दार तं होऊ द्या, बबनराव." हा होकारच समजायचा.

घरी सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, पाटी कायले पायजे, सारा गाव तं तुमाले ओयखते. तिला यातलं कळत नाही. गाव ओव्हरसियरला ओळखतं. खुर्ची गेली की ओळख किती दिवस टिकते ते मी चार महिन्यांत पाहिलं आहे.

२२ जून, पहाटे
सिद्धांत सापडला. मुलांना हरवायला आवडतं. मोठ्यांना शोधायला आवडतं. पोर हरवेल आणि बाप शोधेल अशी जागा केली की दोघंही रमले. इतकं सोपं आहे. अमेरिकेतल्या त्या माणसाला हे सुचलं असेल की नाही, शंका आहे.

म्हणून मधोमध मेंदीचा भुलभुलैया. नाव ‘जंगल’. शेजारी बांबूचा मनोरा, त्यावर बसून वडीलधाऱ्यांनी खालची फजिती पाहायची. एका कोपऱ्यात मुरमाचा हिमालय, त्यावर फरशीची घसरगुंडी. दुसऱ्या कोपऱ्यात समुद्र, त्यात एक होडी. समुद्राला खड्डा लागेल. हिमालयाला मुरूम लागेल. म्हणजे एकाच कामात दोन्ही. याला म्हणतात प्लॅनिंग.

३ जुलै
हिमालय आणि समुद्र तयार. मेंदीच्या कलमा लावल्या.

४ जुलै
जमशेदच्या बकऱ्यांनी मेंदी खाल्ली. जमशेद भला माणूस, स्वतः येऊन म्हणाला, "साब, बकरी को क्या मालूम, बगीचा हय." मी म्हणालो, पुढच्या वेळी बोर्ड लावतो. तो म्हणाला, बकऱ्या वाचत नाहीत. वाद घातला नाही.

६ जुलै
शेजारचे हेमसिंग तांड्यावरचे पंच. त्यांनी सुचवलं, जंगलच पाहिजे तर ज्वारी पेरा, दिवाळीपर्यंत दोन पुरुष उंच होते. हे माझ्या मनात आधीपासून होतंच. फक्त बोलून दाखवलं नव्हतं.

९ जुलै
पेरणी. मी दोरी लावून, चुना टाकून भुलभुलैयाच्या सगळ्या वळणांची आखणी जमिनीवर केली होती. हेमसिंगांनी तिफण जुंपली आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ नेली. मी वळवा म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, बैल हाय, सायकल नाई."

तडजोड: आत्ता सगळं सरळ पेरायचं, उगवल्यावर वाटांवरची रोपं मी हातांनी उपटायची. रोज थोडा व्यायामही होईल.

२८ जुलै
वाटा मोकळ्या झाल्या. मनोऱ्यावरून पाहिलं तर डोळ्याचं पारणं फिटलं. वळणं, चौक, फसव्या गल्ल्या. कंबर धरली आहे. उद्यापासून आठवडाभर विश्रांती. मालकाने सारखं साइटवर जाऊ नये, कामावर दडपण येतं.

६ ऑगस्ट
लिहायला हात उचलत नाही.

तांड्यावरची रुपाबाई पाच-सहा बायांना घेऊन आपणहून निंदायला आली होती. गवत काढता काढता तिला माझ्या वाटा दिसल्या. तिला वाटलं, बी उगवलंच नाही. मग काय, दाट जागची रोपं काढून त्या बायांनी भर पावसात सगळ्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरल्या. एकही वाट राहिली नाही. जिकडेतिकडे ज्वारी.

म्हणाली, "लय नांगं पडलं व्हतं, साहेब. तुमाले वाईट वाटन म्हनून इचारलंबी नाई. भरून देल्लं." पैसे घ्यायला तयार नाही. गावाच्या पोरांसाठी चाललंय म्हणे, त्यात मजुरी कसली.

मी तिला भुलभुलैया समजावून सांगितला. माणूस आत जातो, वाट चुकतो, मजा येते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वाट चुकाचीच हाय तं वाट कायले करता?

उत्तर तयार आहे. ते तांत्रिक असल्यामुळे दिलं नाही.

२६ ऑगस्ट, तान्हा पोळा
आज मोठी गर्दी अपेक्षित होती. पोरं लाकडाचे बैल घेऊन ‘समुद्रा’वर त्यांना पाणी दाखवायला आलीही. समुद्रात म्हशी बसल्या होत्या. होडी म्हशींच्या खाली आहे. पोरं काठावर उभी राहून म्हशींना खडे मारत बसली. त्यांना आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे, पण तो आनंद प्लॅनमधला नव्हता.

१२ सप्टेंबर
घसरगुंडीवर कमलीबाईचे मूग वाळत आहेत. साऱ्या गावात इतकी साफ, उन्हाची फरशी नाही म्हणते. माझ्या हातांना यश येवो असा आशीर्वादही दिला. पोरं आली, तिने हाकलली. मी म्हणालो, बाई, ही खेळायची जागा आहे. म्हणाली, उद्या उचलते.

१३ सप्टेंबर
मूग उचलले. उडीद घातले.

२० ऑक्टोबर
वाटा पुन्हा काढल्या, या वेळी विळ्याने. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. दुपारी तपासणीसाठी एकटाच आत गेलो. रचना अतिशय उत्तम उतरली आहे. बाहेर यायला अंधार पडला. कोणाला हाक मारली नाही, खोकलो. उस्मान पेंटर रस्त्यानं चालला होता, त्याने खोकला ओळखून आवाजाच्या रोखाने आत येऊन मला बाहेर काढलं. म्हणजे सिद्धांत दोन्ही बाजूंनी सिद्ध झाला. मी हरवलो, त्याने शोधलं. त्याला मजा आली का, असं विचारलं. म्हणाला, काका, भूक लागली.

पाटीचं काम त्यालाच द्यायचं ठरवलं. अक्षर टपोरं आहे. रंग निळा की लाल, विचार करतो.

२४ नोव्हेंबर
संक्रांत जवळ येते आहे. आजवर आपणहून आलेले: म्हशी, बकऱ्या, मूग, उडीद. रात्री झोप लागत नाही. आज सौ. म्हणाली, नाई झाली बाग तं नाई झाली, बैलबाजारबी गावाचाच हाय. मी चिडून जेवणावरून उठलो. मग भुकेने परत बसलो. तिने भाकरी वाढली.

तिला सांगता आलं नाही. बैलबाजार झाला की पुन्हा मी सकाळी उठून कुठं जाऊ?

निश्चय: थाटात ओपनिंग करायचं. लोकांना एकदा आत आणलं की झालं.

८ डिसेंबर, रविवार
ओपनिंग.

मालेगावहून एक साहेब आले होते. दौलतसिंग, सगळे पंच, तांड्यावरचे लोक, गावातली यच्चयावत पोरं. मी भाषण केलं. सिद्धांत सांगितला. मग शिट्टी मारून पोरांना जंगलात सोडलं आणि वडीलधाऱ्यांना घेऊन मनोऱ्यावर चढलो.

अपेक्षा अशी की आतून हसण्या-ओरडण्याचे आवाज येतील. थोडा वेळ आले. मग सगळं शांत. साहेबांनी विचारलं, मुलं कुठं आहेत? मी म्हणालो, हरवली आहेत. ते जरा घाबरले. मी म्हणालो, हाच तर उद्देश आहे.

दौलतसिंगांनी आपल्या मुलाला, धरमसिंगला पाठवलं. तो बापाइतका उंच गडी, पण आला नाही परत. मग हेमसिंग गेले. तेही नाहीत. मग बाया गेल्या. एकेक जण उतरून आत शिरत होता आणि बाहेर कोणी येत नव्हतं. मनोऱ्यावर शेवटी मी आणि मालेगावचे साहेब. इतक्यात जंगलाच्या मधोमध धूर दिसला.

मी धावलो. वाट चुकलो. वासावरून पोचलो.

माझ्या मुख्य चौकात रुपाबाईने गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. कणसं ऐन हुरड्यावर आली होती, हे तिला आठवडाभर आधी कळलं होतं. मला कळलं नव्हतं, कारण मी वाटांकडे पाहत होतो. सगळा गाव गोल बसला होता. बाया तळहातावर कणसं चोळत होत्या, पोरं तोंडं काळी करून बोकाणे भरत होती, हेमसिंग तीळ-मिरचीची चटणी वाटत होते. कोणीतरी मला बसायला पोतं टाकलं. साहेब मागून आले. त्यांनाही टाकलं.

हुरडा गोड होता. खोटं का लिहू?

९ डिसेंबर
लहान-मोठे एकाच ठिकाणी, आपणहून, तासन् तास. अट पूर्ण झाली. भाषण कोणाच्या लक्षात नसलं तरी चालेल. पाटी निळी.

१५ डिसेंबर
रोज गर्दी. इंझोरी आणि किन्हीराजाचे पाव्हणेही आणतात लोक. जंगल मात्र आतून बाहेर लहान होत चाललं आहे. आता त्यात हरवायला बसूनच राहावं लागतं.

२९ डिसेंबर
जंगल संपलं. उरलेला कडबा हेमसिंगांनी बैलांना नेला. विचारून नेला. समुद्र आटला. हिमालयाचा मुरूम लोकांनी अंगणं सारवायच्या आधी भरावाला नेला, तोही विचारूनच. मी कोणाकोणाला नाही म्हणणार. फरशी कमलीबाईकडे आहे. मनोरा हलत होता म्हणून पंचायतीने उतरवला.

समुद्राचा खड्डा पोरांनीच बुजवला. कोणी सांगितलं नव्हतं.

आता तिथं काही नाही. सपाट जमीन. पंधरा दिवसांत संक्रांत.

५ जानेवारी १९५८
संध्याकाळी तिकडे गेलो. का गेलो माहीत नाही. मैदानात अर्धा गाव. जमीन सपाट सापडली म्हणून पोरांनी आट्यापाट्या मांडल्या होत्या. पोरं कमी पडली म्हणून धरमसिंग उतरला. तो बाद झाला म्हणून त्याचा बाप धोतर खोचून उतरला. दुसऱ्या बाजूला बाया बसल्या होत्या, लेकी-सुनांसह, आणि ओरडून कोण कसं चुकलं ते सांगत होत्या. जमशेद दोन्ही बाजूंचा पंच होता. कोणी हरवत नव्हतं, कोणी शोधत नव्हतं.

मी मधे उभा राहून पाहत होतो. धरमसिंग म्हणाला, "काका, जरासे बाजूले व्हा, तुमी खेळात उभे हा."

बाजूला झालो. वाईट वाटलं. मी तिथं जे जे बांधलं होतं ते सगळं गेल्यावर लोक आले. हे लिहायला नको होतं, पण लिहून झालं.

१४ जानेवारी, संक्रांत
पंचायत बसली. दौलतसिंगांनी सांगितलं, जागा खेळायला कायम. बैलबाजार दुसरीकडे. मी उठून आभार मानायला लागलो. ते म्हणाले, "बसा, बबनराव, अजून हाय."

पुढचा ठराव: या जागेवर कोणीही काहीही बांधू नये. सगळे हो म्हणाले. मग हेमसिंग सावकाश म्हणाले, नुसतं ‘कोणी’ म्हटलं तं साहेबाले वाटन, आपल्याले नाई म्हटलं. नाव घाला.

एकमताने मंजूर. तिळगूळ वाटला. सगळ्यांत आधी मला दिला.

१९ जानेवारी, रविवार
उस्मानने पाटी लावली. निळी.

‘ही जागा खेळायची आहे. येथे कोणी काही बांधू नये. श्री. बबनराव यांनीही.’

मी जाणार नव्हतो. सौ. स्वतः म्हणाली, चला, पाहून येऊ. सहा महिन्यांत ती साइटवर पहिल्यांदा आली. पदर सावरून पाटीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, काय लिवलं, वाचा.

मी म्हणालो, "श्री. बबनराव." बाकीचं दिसत नाही म्हणालो, डोळ्यांवर ऊन येतंय.

ती म्हणाली, "बाकीचं मले ठावं हाय. उस्मान घरी इचाराले आला व्हता, काकाचं नाव बारीक टाकू का. म्या सांगतलं, लेका, साऱ्यात मोठं टाक. त्यायले लय दिवसांपासून पायजे व्हतं."

नाव खरोखरच मोठं आहे. मालेगावच्या मोटारीतूनही वाचता येतं.